भुईपासून दीड हात

आमच्या घरात एक नियम आहे. भुईला पाठ टेकवायची नाही. उन्हाळ्यात कितीही उकडो, लग्नकार्यात पाहुण्यांना खाटा कमी पडोत, दादी स्वतः रात्रभर बसून राहील; पण घरातल्या कुणालाही जमिनीवर अंथरूण घालू देणार नाही. लहानपणी मला वाटे, हा आपल्या मजहबचाच काही नियम असेल. मदरशात मी मौलवीसाहेबांना तसे विचारलेही होते. ते हसून म्हणाले, "असं कुठंही लिहिलेलं नाही, बेटी. तुझ्या दादीलाच विचार."

दादीला विचारायची हिंमत कुणात नव्हती. अब्बांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळले. १९७१ सालच्या भातझोडणीच्या दिवसांत अब्बांचा धाकटा भाऊ, वय वर्षे दहा, खळ्यावर पेंढ्यात झोपला होता. मध्यरात्री किंचाळत उठला. लाल विंचू होता. विंचू उतरवणारा आला, त्याने मंतर घातला. थोड्या वेळाने कळ कमी झाली तशी सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले. पहाटे मात्र पोराला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, श्वास लागला, तोंडाला फेस आला. डॉक्टरकडे नेताना तो वाटेतच गेला. माझा हा चाचा मी पाहिलेला नाही. पण त्याच्यामुळे मी छत्तीस वर्षांत एकदाही जमिनीवर झोपलेले नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. घरात कोकणी, वर्गात उर्दू आणि लिहायला बसले की मराठी, असा माझा तीन भाषांचा संसार आहे. नवरा शारजात, लेक अकरा वर्षांची, आणि माहेर-सासर एकाच गावात असल्याने माझा निम्मा मुक्काम अब्बांकडे. हर्णै बंदर आमच्यापासून फार लांब नाही. गावाच्या वर, कातळाच्या कडेला आमची हापूसची बाग आहे. दिवसा तिथे सगळे जातात. रात्री राखणीला नेपाळी माणूस असतो. चाचा गेल्यापासून आमच्यापैकी कुणी बागेत रात्र काढलेली नाही.

मला तिथे एक रात्र झोपायचे होते. इच्छा एवढीच. वर्गात मी ताऱ्यांचा धडा शिकवते तेव्हा मुली विचारतात, "टीचर, आपने देखा है?" सप्तर्षी मी अंगणातून पाहिलेत, तेही माडांच्या झावळ्यांमधून. बागेतून समुद्र दिसतो, आणि वरचे आकाश सगळे मोकळे असते असे राखणदार सांगतो. आपल्याच बागेतली रात्र आपण त्याच्या तोंडून ऐकायची, हे मला टोचत असे.

सुरुवातीला मी मास्तरकी केली. दादीला समजावायला बसले. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या प्राझोसिन या गोळीने त्यांचे प्राण वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता तर विंचवाचे प्रतिविषही मिळते. काळा विंचू दिसायला मोठा, पण त्याचे विष सौम्य. माणूस आपोआप बरा होतो आणि नाव मंतराचे होते. लाल विंचू लहान, पण जीवघेणा. हे सगळे मी दादीला फळ्यावर लिहावे तसे मुद्देसूद सांगितले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे दादी, आता भ्यायचं कारण उरलेलं नाही."

दादी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "औषध आलं. माझा पोर आला काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी तो वाद सोडला. मनाशी म्हटले, नियम दादीचा आहे, तो मोडायचा नाही. भुईला पाठ टेकवायची नाही ना? मग भुईच्या वर झोपू. दोन झाडांना कापड टांगायचे, त्यावर जाळी, त्यावर छप्पर. असले झुलते तंबू बाजारात मिळतात, पण त्यांच्या किमती मास्तरणीच्या पगाराला न शोभणाऱ्या. शिवाय अब्बांनी आयुष्यात दोरीचा तुकडाही कधी फेकून दिला नाही. मी त्यांची मुलगी. भंगारातूनच करायचे ठरवले.

सामान हळूहळू जमले. २०२४च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीची ड्यूटी करून परतले तेव्हा नाक्यावर उतरवलेल्या फ्लेक्सची चळत पडली होती. त्यातला दहा बाय आठचा एक मागून आणला. हात जोडलेले उमेदवार वरच्या बाजूला आणि पांढरी बाजू खाली, असे छप्पर ठरले. कारण त्याखाली मला फजरची नमाज पढायची होती. ३१ डिसेंबरनंतर किनाऱ्यावर पर्यटकांनी टाकून दिलेला एक तंबू सापडला. काड्या मोडलेल्या, चेन तुटलेली, पण तळाचे जाड कापड आणि खिडक्यांची बारीक जाळी धड होती. गोड्या पाण्यात तीनदा धुतला तेव्हा खार गेला. कापड दुहेरी करून मशीनवर शिवले, दोन्ही टोकांना दोरी ओवायला नेफा ठेवला. दोरी बंदरावर मासेमारीच्या जाळ्यांच्या ढिगाजवळ पडलेली आणली. निळी, चकचकीत, चांगली अंगठ्याएवढी जाड.

जानेवारीतल्या एका रविवारी अंगणातल्या फणसाला आणि आंब्याला मी ती झोळी बांधली. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ. मला वाटले, जितकी ताणू तितके सपाट झोपता येईल. आत बसले, पाय वर घेतले, आणि कडकन आवाज होऊन खाली आपटले. आठ दिवस कमरेला शेक घेतला. लेकीने शाळेत सगळ्यांना सांगितले.

अब्बा तोवर ओसरीवर बसून नुसते बघत होते. जहाजावर ते सारंग होते. पस्तीस वर्षे त्यांनी दोरखंडच हाताळले. निवृत्त झाल्यापासून त्यांचे बोलणे कमी कमी होत गेले होते. त्या दिवशी ते उठून आले, तुटलेली दोरी हातात घेतली, तिचा पीळ उलगडला आणि आतले धागे मला दाखवले. बोटाने घासताच त्यांचा भुगा झाला.

"ही उन्हाने खाल्लेली आहे. वरून रंग बघायचा नाही. दोरी उलगडून आत बघायची."

मग म्हणाले, "आणि एवढी ताणलीस कशाला? दोरीला वाकू द्यावं."

सारंगाने अनुभवाने सांगितले ते मी रात्री वहीत मांडून पाहिले. माझे वजन ६० किलो. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर दोन्ही बाजूंच्या दोरीवर प्रत्येकी ६० किलोचाच ताण येतो. तीच दोरी ताणून कोन १० अंशांवर आणला, तर प्रत्येक बाजूला सुमारे १७३ किलो! माणूस तोच, वजन तेच. ताठपणाने भार जवळजवळ तिप्पट होतो. हा हिशेब मी पुढे वर्गात फळ्यावर मांडला. पण मला तो दहावीच्या पुस्तकाने नाही, माझ्या कमरेने शिकवला.

तिथून पुढे काम अब्बांचे आणि मदतनीस मी. भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या गाड्यांचे सीटबेल्ट आणले. हे पट्टे झाडाभोवती घ्यायला, म्हणजे सालीला काच पडत नाही आणि वजन सुटत नाही. अब्बांच्या पेटीतून दोन जुने शॅकल निघाले. दोरी त्यांनी स्वतः पारखून आणली. "नायलॉन ओला झाला की ताणतो. रात्री दव पडलं तर झोळी खाली येणार. तेवढं धरून बांध." ते मला गाठी शिकवू लागले, भार आला तरी आवळून न बसणारी, सोडवताना चटकन सुटणारी बोलाईनची गाठ मी पंचवीस वेळा बांधली तेव्हा त्यांनी मान डोलावली. उचलताना ते "हाबीस" म्हणत आणि सोडताना "आरिया". हे जहाजावरचे शब्द. कुठल्या भाषेचे ते त्यांनाही ठाऊक नव्हते. 'आरिया' पोर्तुगीजांकडून आला हे मी त्यांना सांगितले, तर म्हणाले, "असेल. आम्ही कधी विचारलं नाही. दोरी सुटायची ना, बस्स."

झोळीत सरळ न झोपता थोडे तिरके झोपले की पाठ सपाट राहते, हेही त्यांनीच सांगितले. उंची किती ठेवायची यावर त्यांचा नियम सोपा होता: पडल्यावर आपल्या पायांनी उठता येईल एवढीच. आम्ही दीड हात ठेवली.

फेब्रुवारीत सगळे तयार झाले. झोळी, तिच्यावर मच्छरदाणीसारखी जाळी, वर फ्लेक्सचे छप्पर. अंगणात टांगून मी दादीला हाक मारली. ती काठी टेकत दारात आली. झोळीकडे पाहिले आणि एक शब्द न बोलता आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

मला राग आला. एवढे करूनही? मी अब्बांकडे तक्रार केली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा गावात रस्ता नव्हता. पोराला चादरीच्या झोळीत घातलं, ती बांबूला बांधली आणि चौघांनी उचलून नेलं. एक खांदा माझा होता."

अब्बा तेव्हा सोळा वर्षांचे होते.

मी झोळी उतरवली, घडी घालून माळ्यावर टाकली आणि तो विषय संपवला. ज्या गोष्टीची तिला भीती होती ती टाळायला निघाले, आणि नेमके ज्या कापडातून तिचा मुलगा गेला तेच तिच्या अंगणात टांगून ठेवले. हे मला कसे कळणार होते, असे मी स्वतःला सांगत होते. पण खरे म्हणजे मी कधी विचारलेच नव्हते. मी फक्त समजावले होते.

मार्चमध्ये रमजान आला. शेवटच्या आठवड्यात एका पहाटे सहरी आटोपल्यावर दादी माझ्या खोलीत आली. काखेत तिची गोधडी होती. जुन्या साड्या-लुगड्यांची, तिने हाताने शिवलेली. ती माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "त्या झोळीत अंथरूण नव्हतं. घाईत नुसती चादर बांधली. पोर सारखा म्हणत होता, गार लागतंय, गार लागतंय. मी घरात गोधडी आणायला वळले, तोवर ही माणसं निघालेली."

चोपन्न वर्षे ती ही गोष्ट मनात ठेवून होती. हातपाय गार पडतात ते विषाने. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, गोधडीने काही झाले नसते. हे मला माहीत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी माहीत असलेली गोष्ट सांगितली नाही. गोधडी उचलून छातीशी धरली.

"ही घालशील ना?"

"घालते, दादी."

ती खाटेच्या कडेवर बसली आणि एक एक प्रश्न विचारू लागली. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारायची मुभाच दिली नव्हती, असे मला वाटले. दोरीवरून विंचू उतरला तर? त्याला उत्तर अब्बांनी दिले. बंदराला लागलेल्या जहाजावर दोरखंडावरून उंदीर चढू नयेत म्हणून दोरखंडात गोल पत्रे अडकवतात. तसेच त्यांनी तेलाच्या डब्यांची झाकणे कापून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांत घातली आणि मागे रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी बांधली. ती आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांसाठी. चपला खाली ठेवशील, त्यात शिरला तर? चपला दोरीला टांगायच्या ठरल्या. आणि रात्री खाली उतरावे लागले तर?

त्यासाठी मी नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी आणली होती. अतिनील प्रकाशात विंचवाचे अंग हिरवट चमकते. ईद झाल्यावर एका रात्री मी दादीला खुर्चीत बसवून परसातल्या जांभ्या दगडाच्या गडग्याकडे नेले आणि बॅटरी फिरवली. तिसऱ्या फेरीला दगडाच्या फटीशी काहीतरी हिरवे पेटल्यासारखे दिसले. लाल विंचू होता. माझ्या बोटाएवढाही नसेल.

दादी बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढासाच?"

१२ एप्रिल २०२५च्या शनिवारी आम्ही बागेत गेलो. चौदवीचा चांद होता, त्यामुळे तारे फार दिसले नाहीत, हे आधी कबूल करते. गडग्यापासून लांब, एक रायवळ आंबा आणि एक ऐन, मध्ये चौदा फूट, अशी जागा अब्बांनी निवडली होती. दादीची गोधडी मी झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालच्या अंगाला सैल बांधली. झुलत्या बिछान्यात थंडी खालून लागते. अंगाखाली गोधडी घेतली तर वजनाने ती दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. खाली सैल टांगली की ऊब राहते. अब्बा आणि लेक शेजारी खाटेवर होते. खाटेच्या चारही पायांखाली पाण्याचे डबे. राखणदार लांबून पाहून हसत होता.

मला झोप फारशी लागली नाही. समुद्रावर होड्यांचे दिवे होते. रात्री कधीतरी अब्बांचा आवाज आला, "जागी आहेस?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "तो गेल्यावर दोन वर्षांनी मी जहाजावर गेलो. लोक म्हणायचे पैशासाठी गेला." पुढे ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. पहाटे दव पडले आणि ते म्हणाले होते तशी झोळी चार बोटे खाली आली. फ्लेक्सच्या पांढऱ्या बाजूवरून थेंब ओघळत होते, पण जमिनीवर. माझ्या अंगावर नाही. खालून गावातली अजान ऐकू आली.

घरी आलो तर दादी दारातच होती. तिने गोधडी हातात घेऊन ओली झाली का ते पाहिले, आणि विचारले, "गार लागलं?"

"नाही लागलं, दादी."

तिने मान हलवली आणि गोधडी उन्हात टाकायला गेली.

ही गोष्ट मी लिहिते आहे त्याचे कारण शाळेत आहे. दरवर्षी सहलीच्या वेळी काही आया मुलींना मुक्कामाला पाठवत नाहीत. स्टाफरूममध्ये आम्ही शिकलेल्या बायका चहा पिता पिता म्हणतो, "आपली कौम कधी सुधारणार?" मीही म्हणत आले आहे. भीती म्हणजे जहालत, असा एक सोपा हिशेब आम्ही बी. एड. केलेल्यांनी करून ठेवला आहे. त्यानंतरच्या पालकसभेत मी भाषण केले नाही. आयांना एवढेच विचारले, "तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते?" आधी कुणी बोलेना. मग एकेक जण बोलू लागली. एकीला बसच्या ड्रायव्हरची काळजी होती, एकीला रात्रीच्या शौचालयाची, एकीची मुलगी झोपेत चालायची. एकही भीती वेडगळ नव्हती. बहुतेकींना उपाय होता, आणि तो आमच्याकडे कुणी मागितला नव्हता, कारण आम्ही विचारलेच नव्हते. सगळ्या मुली सहलीला आल्या असे मी म्हणणार नाही. मागच्या वर्षापेक्षा जास्त आल्या.

झोळी आता ओसरीवर खुंटीला असते. लेकीने तिच्यासाठी दुसरी करायला घेतली आहे. दोरी उलगडून आत बघायला ती शिकली आहे. दादीचा नियम घरात अजून तसाच आहे, आणि आम्ही तो पाळतो.